पेनांग : २६ वर्षांनी आठ तास (क्रूझवरून)

शिरोलीकर | १९ जानेवारी २०२५, रात्री १०:१२

मंडळी, इथं मी जास्त करून वाचायचंच काम करतो, पण आज लिहायला बसलोय आणि लांबणार आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

डिसेंबरात आम्ही दोघं क्रूझला जाऊन आलो. सिंगापूर-पेनांग-फुकेत-सिंगापूर, चार रात्री. माझ्या रिटायरमेंटची भेट म्हणून पोरानं परस्पर बुकिंग केलं. बोटीत बसून खायचं नि झोपायचं, यात काय मजा ते मला कळत नव्हतं, नको म्हणणारच होतो, पण कागदावर पेनांग वाचलं आणि गप्प बसलो. कारण मलेशियातल्या या बेटावर, पेनांगला, मी राहिलोय. १९९५ ते ९८. आधी शिरोली एमआयडीसीत टूलरूमला होतो, तिथनं एका ओळखीतनं बायान लेपासला लागलो, प्लास्टिकच्या बॉडीचे मोल्ड करणारं छोटं वर्कशॉप होतं. बायान लेपास म्हणजे तिथली एमआयडीसीच समजा, १९७२ पासूनची, इंटेल वगैरे तेव्हापासून तिथंच. कोल्हापूरच्या पोराला लेथ आणि मिलिंग काय नवीन नसतं, महिन्याभरात रुळलो. लग्न झाल्यावर ९७ ला हिला पण घेऊन गेलो. जेलुतोंगला एका चिनी बाईच्या घरी वरची खोली होती. खाली आंटी, वर आम्ही. दाराशेजारी खांबावर लाल रंगाची छोटी देवळी, सकाळी सहाला आणि संध्याकाळी तिच्यात तीन अगरबत्त्या. त्या वासानं जाग यायची.

असो. तर क्रूझ. सकाळी सातलाच डेकवर जाऊन उभा राहिलो, अंगात स्वेटर, कारण हिनं बळंच घालायला लावला, आणि बाहेर घामाच्या धारा. समोर कोमतारचा गोल टॉवर दिसला. ६५ मजली, मी होतो तेव्हा बेटावर सगळ्यात उंच तोच, आणि कुठूनही दिसायचा त्यामुळं वाट चुकली की मान वर करायची. आता त्याच्या आजूबाजूला इतक्या बिल्डिंगा झाल्यात की एक मिनिट शोधावा लागला. मागं डोंगर मात्र तसाच, ढगात निम्मा.

बोट आठला लागली. आमचा ट्रॅव्हलवाला म्हणाला होता "साहेब आठ ते पाच फुल डे". प्रत्यक्षात क्लिअरन्स, लाईन, कार्ड टॅप, परत लाईन, साडेनऊला पाय जमिनीवर. आणि चारला परत बोटीत. म्हणजे हिशोब करा. हाच ट्रॅव्हलवाला "सगळं इन्क्लुडेड आहे" पण म्हणाला होता, रोजचा सर्व्हिस चार्ज माणशी वेगळा लागतो हे शेवटच्या दिवशी बिल आल्यावर कळलं. त्यावर एक वेगळा धागा निघेल.

स्वेटनहॅम पिअर हा धक्का अगदी गावाच्या अंगाला चिकटून आहे, बाहेर पडलं की पाच-सात मिनिटांत किल्ला आणि घड्याळाचा मनोरा, तिथनं पुढं लिटल इंडिया. ती सोय भारी. म्हणून आम्ही बोटीवाल्यांची टूर घेतली नाही, म्हटलं मला कोण पेनांग दाखवणार. आणि इथंच गंमत झाली. बाहेर पाऊल टाकलं तर वीस टॅक्सीवाले अंगावर, "सर, टेम्पल? हिल? थ्री अवर्स?" मी माझ्या मोडक्यातोडक्या मलयमध्ये म्हटलं की बाबा मी इथं राहिलोय, तर तो हसला आणि इंग्रजीतच म्हणाला ओके सर, टू अवर्स. गळ्यात बोटीचं कार्ड लटकवलेलं होतं ना.

लिटल इंडिया तसंच. क्वीन स्ट्रीटचं मारिअम्मन देऊळ, १८३३ चं, बाहेर मोगऱ्याचे गजरे, कॅसेटच्या दुकानात आता कॅसेट नाहीत पण आवाज तेवढाच. थैपुसमला, म्हणजे तमिळांच्या मुरुगन देवाच्या सणाला, लिटल इंडियातनं चांदीचा रथ निघायचा आणि त्याच्यापुढं रस्त्यावर नारळ फोडायचे, हजारांनी, फावड्यानं ओढावे लागायचे इतका खच. पहिल्या वर्षी बघितलं तेव्हा जोतिबाच्या चैत्र यात्रेची आठवण येऊन गळा दाटला होता, गुलाल तेवढा नव्हता.

पुढं आर्मेनियन स्ट्रीट. माझ्या वेळी तिथं रविवारी दुपारी कुत्रं सुद्धा नसायचं. आता तिथं भिंतीवर सायकलवरच्या दोन पोरांचं चित्र आहे, एका लिथुआनियन चित्रकारानं २०१२ ला काढलेलं, सायकल खरी, पोरं रंगवलेली, आणि फोटो काढायला रांग. आमच्या बोटीतली निम्मी पब्लिक तिथं. रांगेत उभं राहिलो, खोटं कशाला बोलू, ही म्हणाली काढूया. पण आजूबाजूला बघत होतो तर जिथं सुतार बसायचा, टोपल्या विणणारा बसायचा, तिथं सगळीकडे कॅफे आणि फ्रिजला लावायचे मॅग्नेट. जुन्या घरांची भाडी तिथं कायद्यानं बांधलेली होती, अगदी किरकोळ. तो कायदा २००० ला गेला आणि जुने भाडेकरू हळूहळू बाहेर. मग २००८ ला युनेस्कोचा शिक्का. घरं वाचली, रंगबिंग लावून नवरीसारखी सजवलीत, आतली माणसं तेवढी गेली.

जेवायला नासी कंदार. मलयमध्ये नासी म्हणजे भात, कंदार म्हणजे खांद्यावरचा बांबू, थोडक्यात कावडीवरचा भात. पूर्वी तमिळ मुसलमान कावडीत एका बाजूला भात, एका बाजूला कालवण घेऊन धक्क्यावर विकायचे. ऑर्डर देताना "बंजिर" म्हणायचं. बंजिर म्हणजे पूर. मग तो चार-पाच भांड्यांतला रस्सा एकावर एक भातावर ओततो, भात बुडेपर्यंत. कोल्हापूरच्या माणसाला हे समजावून सांगायला लागत नाही. चव? हिला विचारलं, म्हणाली तेव्हा जास्त तिखट होतं. मला तसंच वाटलं. काउंटरवरच्या म्हाताऱ्यानं आमच्याकडं बघून परत एक डाव ओतला, न मागता. एवढं एक.

आणि शेवटी फेरी. मला खरं तर फेरीतच बसायचं होतं, बाकी सगळं निमित्त. बेटावरनं समोर बटरवर्थला जाणारी फेरी, १८९४ पासनं चालू आहे. आमच्या वेळी पिवळ्या जाडजूड बोटी होत्या, वर माणसं खाली गाड्या, सगळ्या बाजूंनी उघड्या, लाकडी बाक, डिझेलचा आणि खाऱ्या पाण्याचा वास. पैसे बटरवर्थकडनं येतानाच घ्यायचे, बेटावरनं जाताना फुकट. रविवारी आम्ही दोघं नुसतं पलीकडं जायचो आणि परत यायचो. तोच सिनेमा, तेच हॉटेलिंग. ही रेलिंगला उभी राहायची, केस उडायचे.

त्या बोटी २०२१ ला बंद झाल्या. २०२३ पासनं नवीन आल्यात. एसी. काचा बंद. खुर्च्या एसटीच्या शिवनेरीसारख्या. गाड्या नेत नाहीत आता, फक्त मोटरसायकली आणि सायकली. काचेवर आमच्याच तोंडाचं प्रतिबिंब बघत पलीकडं गेलो आणि परत आलो. ही मध्येच झोपली.

तीन वाजले, जायफळाचं सरबत प्यालो, जायफळाच्या फोडींची पाकिटं घेतली (तिथं फळाचा गर साखरेत मुरवून खातात, आपण नुसती बी किसतो), आणि बोटीत परत. जेलुतोंगला, राहायचो तिथं, जायला काय वेळच मिळाला नाही. संध्याकाळी डेकवर उभा राहून बघत होतो आणि असं वाटत होतं की आपण पेनांगला गेलोच नव्हतो, पेनांगचा सिनेमा बघून आलो.

तुमच्यापैकी कुणाला असा अनुभव? आपलं म्हणून एखादं गाव आणि मग तिथं पर्यटक म्हणून जायची वेळ?

---

तांबडा_पांढरा | १९ जानेवारी, रात्री १०:५८

काका लई भारी लिवलंय. बंजिर म्हंजे पूर हे वाचून खुर्चीतनं पडलो. उद्यापास्नं हाटेलात गेलो की रस्सा मागताना "पंचगंगा इशारा पातळी" म्हणून मागणार.

आता कामाचं. खर्च किती आला आणि व्हिसा कुठकुठले? आई-बाबांना पाठवायचा इचार हाय.

---

शिरोलीकर | १९ जानेवारी, रात्री ११:२०

खर्च पोराला विचारून सांगतो, तो आकडा सांगत नाही, म्हणजे बराच असणार. व्हिसा फक्त सिंगापूरचा लागला, पण बोट बाहेर जाऊन परत सिंगापुरातच येते तेव्हा मल्टिपल एन्ट्री आहे का बघून घ्या. मलेशियाला डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसा नाही, मोबाईलवर एक फॉर्म भरायचा असतो तेवढा, तो तिथं पोचायच्या आधी तीन दिवसांच्या आत. थायलंडलाही लागला नाही. फुकेतला आमची बोट धक्क्याला लागली नाही, खोल पाण्यात थांबली आणि छोट्या होडीतनं किनाऱ्यावर नेलं, आई-बाबांचे गुडघे कसे आहेत ते बघा, होडीत पाय टाकताना ती वरखाली होते. जेवण भारतीय मिळतं. तिखट नाही. चटणी घेऊन जा, घट्ट झाकणाच्या डबीत.

---

बिंदूचौक | २० जानेवारी, सकाळी ८:०५

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. चूक तुमचीच आहे. आठ तासांत गाव भेटत नसतं. समजा उद्या कोणी २६ वर्षांनी कोल्हापूरला आठ तासासाठी आला. स्टँडवर उतरला, अंबाबाईचं दर्शन, मिसळ, चप्पल, रंकाळ्यावर सेल्फी, गूळ बांधून घेतला की गाडीत. आणि मग घरी जाऊन लिहिणार "कोल्हापूर पूर्वीचं राहिलं नाही". अरे बाबा तू तालमीत गेलास का, कट्ट्यावर बसलास का, कुणाच्या घरी जाऊन "काय म्हणतंय" विचारलंस का. गाव आपल्याला भेटायला धक्क्यावर येत नाही.

क्रूझ हा प्रकारच मला पटत नाही. हॉटेल हलतंय एवढाच फरक.

---

पुणे_मुक्कामी | २० जानेवारी, सकाळी ९:४०

बिंदूचौक, तुमचं बरोबर आहे पण तालमीत जाऊन तरी काय होतं सांगतो. मी बारा वर्षं पुण्यात. दिवाळीत आलो की गल्लीत जातो, कट्ट्यावर बसतो, सगळं करतो. आणि तिथली पोरं मला म्हणतात "काय दादा, पुण्याचं ट्रॅफिक काय म्हणतंय?" झालं. कार्ड गळ्यात नसलं तरी त्यांना दिसतं.

---

बाई_ऑनलाईन | २० जानेवारी, दुपारी २:३०

अहो शिरोलीकर, फेरीचा परिच्छेद दोनदा वाचला.

माझं गाव सोडून जाणं नाही झालं, मी इथेच. नोकरी इथे, निवृत्ती इथे. पण गावच कधीकधी आपल्याला सोडून जातं. आम्ही शाळेची नाटकं केशवराव भोसले नाट्यगृहात बसवायचो, शाहू महाराजांनी बांधलेलं, पॅलेस थिएटर म्हणायचे आधी. विंगेत उभं राहिलं की जुन्या लाकडाचा आणि पावडरचा एक वास यायचा. ८ ऑगस्टच्या रात्री ते जळालं, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. मी सकाळी रिक्षा करून गेले. लोक नुसते उभे होते, कुणी काही बोलत नव्हतं. आता परत बांधताहेत, छान बांधतील. पण काचा बंद आणि एसी म्हणालात ना तुम्ही, तसं काहीतरी होईल की काय असं सारखं वाटतं. इच्छा आहे की विंगेत थोडं लाकूड ठेवावं.

तुमच्या सौ. फेरीत झोपल्या हे मात्र मला आवडलं. झोप लागायला ओळखीची जागा लागते.

---

शिरोलीकर | २० जानेवारी, रात्री ९:१५

बाई, हे मी हिला वाचून दाखवलं. म्हणाली "त्यांना सांग, पाय दुखत होते."

---

मंगळवारपेठ | २० जानेवारी, रात्री ९:५०

फेरीचे पैसे एकाच बाजूनं? म्हणजे बेटावरनं पळून जायचं तर फुकट आणि यायचं तर पैसे मोजा. हे असलं आपल्याकडं चाललं नसतं. आपण टोल लावला म्हणून आख्खं गाव रस्त्यावर आणलं, म्हाताऱ्या बायका सुद्धा मोर्चात, २०१५ ला रद्द करूनच गप्प बसलो.

---

शिरोलीकर | २० जानेवारी, रात्री १०:०५

तिथल्या पुलाचा टोल पण तसाच, एकाच बाजूचा, बेटाकडं येताना. साडेतेरा किलोमीटरचा पूल आहे, १९८५ चा. आता आणखी एक झालाय, २०१४ ला, तो चोवीस किलोमीटर. हिशोब असा की बेटावर गेलेला माणूस परत येणारच, मग दोनदा कशाला थांबवा. त्यात अर्थ आहे.

---

गँगवे | २१ जानेवारी, पहाटे ३:४८

नमस्कार काका. मी मर्चंट नेव्हीत आहे, कार्गोवर, घर राजारामपुरी. आत्ता वॉच म्हणजे पाळी संपवून आलोय म्हणून ही वेळ.

दोन गोष्टी. एक, ते "आठ ते पाच" आणि प्रत्यक्षात चार. बोट पाचला सुटणार म्हणजे पाचला दोर सोडणार. त्याच्याआधी पायलट म्हणजे बंदराचा वाटाड्या वर येतो, टग म्हणजे ओढणारी छोटी बोट लागते, गँगवे म्हणजे चढायची शिडी उचलायची असते, डोकी मोजायची असतात. म्हणून प्रवाशाला एक तास आधीची वेळ. आणि बोटीनं स्वतः विकलेल्या टूरची बस उशिरा आली तर बोट सहसा थांबते, पण तुम्ही स्वतःच्या पायांनी फिरत असाल तर थांबत नाही. धक्क्यावर धावत येणारे लोक बघायला वरच्या डेकवर गर्दी होते, टाळ्या वाजवतात, वाईट प्रकार आहे. तुमचे पासपोर्ट पोर्ट एजंटकडं देतात आणि बोट जाते. पुढच्या बंदराला तुमच्या खर्चानं गाठा.

दोन. काका, माफ करा, पण मी पेनांगला जाऊन येऊन असतो. आमचं कंटेनर टर्मिनल बटरवर्थच्या बाजूला आहे, पलीकडं जायचं तर तीच फेरी. स्वेटनहॅम पिअरपासून जेलुतोंग पाचेक किलोमीटर असेल. गाडीनं पंधरा मिनिटं, ट्रॅफिक असलं तर पंचवीस. तुम्ही सायकलच्या चित्रापुढं रांगेत उभं राहिलात, फेरीनं जाऊन आलात, आणि जेलुतोंगला वेळ नव्हता?

---

तांबडा_पांढरा | २१ जानेवारी, सकाळी ७:३०

खटक्यावर बोट!

---

बिंदूचौक | २१ जानेवारी, सकाळी ८:१०

मला पण तेच खटकलेलं. लिहायचं राहिलं.

---

बाई_ऑनलाईन | २१ जानेवारी, सकाळी ११:००

अरे पोरांनो, सांगायचं असेल तर सांगतील. साक्षीपुरावे काय काढताय.

---

शिरोलीकर | २३ जानेवारी, रात्री ११:४२

दोन दिवस लिहू का नको करत होतो. गँगवेनं बरोबर धरलं. वेळ होता. फेरीत बसायच्या आधी बरोबर पावणेबारा वाजले होते. ही म्हणाली, चला आता आंटीकडं. मीच म्हटलं ट्रॅफिक असेल, बोट चुकेल. ही काही बोलली नाही. तिला माहिती आहे.

१९९७ च्या जुलैत थायलंडचं चलन पडलं आणि मग सगळीकडंच पडझड सुरू झाली. मी गेलो तेव्हा मलेशियाच्या अडीच रिंगिटला डॉलर मिळायचा, ९८ च्या जानेवारीत तो साडेचारच्या वर गेला. शेवटी सप्टेंबरात सरकारनं ३.८० ला खुंटी मारून बांधून टाकला. पण तोपर्यंत आमच्या वर्कशॉपच्या ऑर्डरी गेल्या होत्या. आधी ओव्हरटाईम गेला, मग आठवड्याचे चार दिवस, मग दोन महिने पगारच नाही. मालक वाईट नव्हता, तो स्वतः मशीनवर उभा राहायचा. शेवटी त्यानं परतीचं तिकीट काढून दिलं आणि हात जोडले. हिला सातवा महिना.

आंटीचं दोन महिन्यांचं भाडं थकलं होतं. महिना २२० रिंगिट, म्हणजे ४४०. तेव्हाचे साधारण पाच हजार रुपये. आज हसू येईल, पण तेव्हा माझ्या खिशात टॅक्सीपुरते होते. निघायच्या आदल्या रात्री खाली गेलो आणि सांगितलं, आंटी, कोल्हापूरला पोचलो की पाठवतो. ती भांडी घासत होती. म्हणाली "तापा, तापा." म्हणजे असू दे, काही हरकत नाही. सकाळी निघताना हिच्या हातात सुक्या लाल बोरांची एक पिशवी दिली, बाळंतपणात पाण्यात उकळून प्यायची म्हणून. आपण डिंकाचे लाडू देतो तसं. स्वतः बॅग उचलून गेटपर्यंत आली.

इथं आलो. पोरगं झालं, दवाखाना, मग वडिलांचं आजारपण, शिरोलीत परत नोकरी लागायला आठ महिने. पहिल्या वर्षी खरंच पैसे नव्हते. दुसऱ्या वर्षी होते, पण मग बाहेर पैसे कसे पाठवायचे, बँकेत कुणाला विचारायचं, असं करत राहिलं. तिसऱ्या वर्षी नुसतं पत्र तरी लिहावं म्हणून इनलँड आणलं, ते बाहेरदेशी चालत नाही म्हणून परत एअरोग्राम आणला, आणि लिहायला बसलो तर पैशाशिवाय काय लिहायचं ते सुचेना. तो एअरोग्राम कपाटात बरीच वर्षं होता. पाचव्या-सहाव्या वर्षानंतर मग असं होतं की आता पाठवलं तर "इतकी वर्षं का नाही" हेच आधी सांगावं लागणार.

या वेळी निघताना मी एका पाकिटात दोन हजार रिंगिट घालून नेले होते. निघालो तेव्हा एका रिंगिटला एकोणीस रुपयांच्या आसपास पडत होते. आतल्या खिशात होतं. स्वेटर अंगातनं काढला नाही तो थंडीसाठी नाही.

मग पावणेबाराला धक्क्यावर उभा होतो आणि पाय निघेना. आंटी असली तर नव्वदीच्या जवळ असणार. नसली तर कुणाला काय सांगू? आणि असली, तर काय सांगू? फेरी समोर दिसत होती, फुकट होती, चढलो.

पाकीट परत घेऊन आलोय. सिंगापूरला बदलून पण घेतलं नाही.

---

मंगळवारपेठ | २४ जानेवारी, सकाळी ७:०५

काका, टोलच्या विनोदाबद्दल सॉरी.

---

बिंदूचौक | २४ जानेवारी, सकाळी ८:२०

मी वर लय शहाणपणा शिकवला. तरी एक बोलतो. आमच्या वडिलांचं किराणा दुकान होतं, उधारीची वही अजून माळ्यावर आहे. त्यातली माणसं रस्त्यात दिसली की बोळात वळायची. वडील म्हणायचे, पैसे गेले ते गेलेच पण गिऱ्हाईक पण गेलं, त्याला सांगा दे नको पण दुकानात ये. आंटीचं "तापा" त्याच जातीचं वाटतंय मला.

---

झणझणीत | २४ जानेवारी, सकाळी १०:४५

सगळे हळवे झालेत म्हणून उलटं बोलते. तिनं "असू दे" म्हटलं म्हणजे तिला गरज नव्हती असं नाही. मंदी तिच्याही घरात होती. माझ्या आईनं खोल्या भाड्यानं दिल्यात, भाडं थकलं की ती पण "राहू दे हो" म्हणायची आणि मग रात्री डबे उघडून बघायची. काका, तुम्ही वाईट नाही, पण पाकीट परत आणलंत ते चुकलं. एकट्या वहिनींना पाठवायचं होतं, त्या पाच मिनिटांत काम करून आल्या असत्या.

---

शिरोलीकर | २४ जानेवारी, रात्री ९:३०

ही म्हणते, झणझणीतचा फोन नंबर घे.

---

गँगवे | २५ जानेवारी, रात्री १२:१५

काका, मी मुद्दाम खोचून लिहिलं नव्हतं, आता वाईट वाटतंय. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमची बोट परत त्या बाजूला असेल. शोअर लीव्ह म्हणजे बोटीवरनं उतरायची सुट्टी मिळाली तर जाऊन येतो. पैसे वगैरे माझ्याकडं देऊ नका, ते तुमचं तुम्ही. मी नुसतं घर आहे का बघतो. पत्ता मेसेजमध्ये टाका.

---

शिरोलीकर | २५ जानेवारी, सकाळी ६:०५

टाकला. घर नंबर अजून पाठ आहे हे बघून मलाच नवल वाटलं, गाडीचा नंबर आठवत नाही मला.

---

तांबडा_पांढरा | १६ मार्च, रात्री ८:४०

गँगवे भावा हायस का? धागा वर काढतोय.

---

गँगवे | २९ मार्च, दुपारी ४:२२

आहे आहे. काल जाऊन आलो, आता नेट मिळालं.

शोअर लीव्ह चारच तासांची मिळाली. टर्मिनलवरनं गाडीनं फेरीपर्यंत, बटरवर्थला पैसे दिले (अजून याच बाजूला घेतात), आणि काका, फेरीत एक बारीक गोष्ट तुमच्या लक्षात आली नसावी. मागच्या बाजूला, मोटरसायकली लावतात तिथं, काचा नाहीत. तिथं वारा लागतो. मी तिथंच उभा होतो.

पुढं गाडी करून जेलुतोंग. तुमची गल्ली आहे. घरांची रांग बरीचशी तशीच असावी, दोन घरं पाडून एक मोठं बांधलंय, कोपऱ्यावर मोबाईलचं दुकान. तुमचं घर आहे. फिकट हिरवा रंग, पोपडे आलेत. गेटला साखळी, कुलूप बाहेरनं. गेटच्या आत एक छोटी सायकल, लहान पोराची, तिला मागं दोन जादा चाकं. वरच्या खिडकीला पडदा. बेल होती, दोनदा दाबली, कोणी आलं नाही. शेजारी एक आजोबा खुर्ची टाकून बसले होते, त्यांना विचारलं तर ते होक्किएनमध्ये, म्हणजे तिथल्या चिनी बोलीत, काहीतरी बोलले, मी फक्त हात जोडले, त्यांनी पण जोडले.

दाराशेजारी ती लाल देवळी आहे खांबावर. अगरबत्त्या लावलेल्या होत्या. तीन. पेटत्या. आणखी थांबलो असतो पण गाडीवाल्याला उभं केलं होतं आणि बोटीची वेळ होती.

फोटो मेसेजमध्ये टाकलेत, इथं टाकत नाही, लोकांचं घर आहे.

---

बाई_ऑनलाईन | २९ मार्च, संध्याकाळी ६:१०

पेटत्या म्हणजे घरातलं माणूस नुकतंच बाहेर गेलं होतं.

---

शिरोलीकर | २९ मार्च, रात्री ८:०२

गँगवे, फोटो बघितले. ही मोठे करून करून बघतेय, अजून फोन दिलेला नाही.

एक सांग. तिथं पोचलास तेव्हा वाजले किती होते?

---

गँगवे | २९ मार्च, रात्री ८:३५

साडेअकरा. फोटोवर पण वेळ आहे बघा. का हो?

---

शिरोलीकर | २९ मार्च, रात्री ८:४१

मग आंटीनं लावलेल्या नाहीत. ती सहाला लावायची, सात वाजेपर्यंत संपलेल्या असायच्या. सुनेनं लावल्या असतील, आंटी म्हणायचीच, सून उशिरा उठते.

---

झणझणीत | २९ मार्च, रात्री ८:५०

काका, पाकीट कुठाय?

---

शिरोलीकर | २९ मार्च, रात्री ९:१८

कपाटात. हिनं आत्ता काढून टेबलावर ठेवलंय आणि पोराला फोन लावलाय, मुंबईहनं पेनांगला विमानाला किती पडतात विचारतेय. बोट नको म्हणते.